लहान शिडाची होडी कशी निवडावी?



कामगार चळवळीतल्या माणसाला व्याख्यानाला बोलावले म्हणजे तो बोनस, महागाईभत्ता किंवा कंत्राटी पद्धत यांवर बोलणार, असे श्रोते गृहीत धरून येतात. चालकांनी मला विषयाची मोकळीक दिली आणि मी होडीचा विषय कळवला, तेव्हा त्यांचे पुन्हा पत्र आले की, ‘आपल्या लिहिण्यात काही चूक तर झाली नाही ना?’ चूक नव्हती. बोटी बांधणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या कामगारांत मी बरीच वर्षे काम केले आहे. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे शिक्षण दोन ठिकाणी झाले. एक युनियनच्या वाचनालयात आणि दुसरे सुतार, तांडेल व खलाशी यांच्या शेजारी बसून. त्यातले थोडे आज आपल्यापुढे ठेवतो.

आपले गाव घाटावरचे. समुद्र आणि आपण यांच्यामध्ये सह्याद्री उभा. तेव्हा या गावात होडीची चर्चा कशासाठी, असा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मी १८९० सालातून देतो. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुटी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांची संघटना उभारली, अर्ज केले, सभा घेतल्या, आणि १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. ही सुटी झोपेसाठी आहे, घरच्यांसाठी आहे, सार्वजनिक कामासाठी आहे. तशीच ती आनंदासाठीही आहे. आनंदाच्या काही जागा श्रीमंतांच्या म्हणून आपण आपल्या हाताने सोडून दिल्या, त्यांत समुद्र आहे. शिडाची होडी म्हटली की डोळ्यांपुढे पांढरी टोपी घातलेला धनिक येतो. वास्तविक आपल्या किनाऱ्यावर शीड ओढणारे हात शेकडो वर्षे कोळ्यांचे, भंडाऱ्यांचे आणि खारव्यांचे आहेत. आणि आज चार पगारदार माणसांनी मिळून एक लहान होडी घ्यावी, हे अशक्य राहिलेले नाही. फक्त ती डोळे उघडे ठेवून घ्यावी. चुकीची सायकल घेतली तर पाय दुखतात. चुकीच्या होडीत जीव जातो.

विषयाची मर्यादाही आताच सांगून टाकतो. मी शर्यतीच्या होडीबद्दल बोलणार नाही. महासागर ओलांडण्याबद्दलही नाही. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती ‘म्हादेई’ ५६ फुटांची. गोव्यात, मांडवीच्या पाण्यात वसलेल्या दिवाडी बेटावरच्या कारखान्यात ती बांधली गेली, याचा आपल्याला अभिमान आहे. पण ती आपल्या खिशातली नव्हे आणि आपल्या कामाचीही नव्हे. आपल्याला हवी आहे ती उबदार पाण्यातून, किनाऱ्याकिनाऱ्याने, एका खाडीतून दुसऱ्या खाडीत नेणारी होडी. दोघे-तिघे माणसे, चार दिवसांचे सामान, रात्री नांगर टाकून किंवा वाळूवर टेकवून मुक्काम.

आधी समुद्र, मग होडी

बाजारात जाण्यापूर्वी आपला किनारा समजून घेतला पाहिजे. विलायती पुस्तके थंड पाण्यासाठी लिहिलेली असतात. तिथल्या माणसाला गारठ्याची भीती, म्हणून त्याची होडी चोहोबाजूंनी बंद. ती होडी जशीच्या तशी एप्रिल महिन्यात देवगडला आणली, तर आतला माणूस भाकरीसारखा भाजून निघेल.

आपल्या समुद्राची पहिली गोष्ट म्हणजे ऋतू. जून ते सप्टेंबर लहान होडीने बाहेर पडायचेच नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते, आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय कोळी बांधव समुद्रात जात नाहीत. यात श्रद्धा आहे तसा अनुभवही आहे. नवशिक्याने तर ऑक्टोबर सरेपर्यंत थांबावे. नोव्हेंबर ते मार्च हा उत्तम काळ. त्यातही हवामानखात्याचा इशारा रोज पाहायचा. नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’ वादळ ऐन बऱ्या दिवसांत आले. मे २०२१ मधल्या ‘तौक्ते’ची सूचना आधी मिळालेली होती, तरीही मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात पी-३०५ हा तराफा माणसांसकट बुडाला आणि कित्येक कामगार मेले. इशारा ऐकणे आणि इशारा मानणे यांत किती अंतर असते, ते त्या दिवशी दिसले.

दुसरी गोष्ट वारा. बऱ्या दिवसांत आपल्या किनाऱ्यावर वाऱ्याच्या दोन पाळ्या असतात. पहाटे जमिनीकडून मतलई वारा सुटतो. तो नऊ-दहाच्या सुमारास पडतो. मग काही वेळ सामसूम. दुपारी वायव्येकडून खारा वारा भरतो आणि सूर्यास्तानंतर हळूहळू निवतो. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. मुंबईकडून दक्षिणेस जाताना दुपारचा वारा पाठीशी असतो. तेव्हा कोणतीही होडी जाते, लाकडाचा ओंडकाही जाईल. परत उत्तरेस येताना मात्र तोच वारा तोंडावर येतो. म्हणून होडी निवडताना ती किती झपाट्याने जाते हे विचारू नका. ती परत कशी येते हे विचारा. वाऱ्याला तिरकी धरून पुढे सरकणारी आणि वारा पडल्यावर वल्ह्यांनी चालवता येणारी होडी हवी. तशी होडी हाती असली की पहाटेच्या मतलईवर किनाऱ्याजवळून निघावे आणि दुपारचा वारा भडकण्याआधी पुढची खाडी गाठावी.

तिसरी गोष्ट भरती-ओहोटी. मुंबईला उधाणाचे पाणी चार मीटरांहून अधिक चढते-उतरते. दक्षिणेकडे जावे तसे हे कमी होत गोव्याला दोन मीटरांच्या आसपास येते. पंचांग पाहणाऱ्यांना जुना हिशेब माहीत असेल: तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. हा हिशेब मुंबईच्या बाजूचा आहे आणि ढोबळच आहे. छापील कोष्टक जवळ ठेवावेच. आपल्या बहुतेक खाड्यांच्या तोंडाशी वाळूचा दांडा असतो. ओहोटीचे पाणी बाहेर येत असते, समोरून लाटा येत असतात, आणि त्या दांड्यावर दोघांची झुंज लागते. तिथे चढत्या भरतीलाच आत शिरावे, आणि होडी उथळ पाण्यात चालणारी असावी.

चौथी गोष्ट अंतर. नकाशावर अक्षांशाची एक कला म्हणजे एक सागरी मैल, म्हणजे १,८५२ मीटर. आपला किनारा जवळजवळ उत्तर-दक्षिण असल्याने अंतरे घरबसल्या मोजता येतात. जंजिऱ्याहून हर्णै तीसएक मैल, हर्णैहून दाभोळ पंधरा, दाभोळहून जयगड सतरा-अठरा, तेथून रत्नागिरी तितकेच, रत्नागिरीहून विजयदुर्ग पंचवीस-सव्वीस, विजयदुर्गाहून देवगड अकरा, देवगडहून मालवण वीस. लहान होडी तासाला सरासरी तीन-साडेतीन मैल काटते. म्हणजे बहुतेक टप्पे उजेडात पुरे होतात, आणि प्रत्येक टप्प्याच्या शेवटी खाडीचा किंवा बंदराचा आसरा आहे. लहान होडीसाठी याहून सोयीचा किनारा शोधायला दूर जावे लागेल. रात्री मात्र चालू नये. रायगडच्या बाजूला डोल जाळी पाण्यात रोवून ठेवलेली असतात. अंधारात ती दिसत नाहीत. नुकसान होते ते आपल्यासारख्याच एका कष्टकऱ्याचे.

किती लांब?

आता होडीकडे वळू. पहिला मोह मोठ्या होडीचा. पैसे जमले तर माणूस म्हणतो, वीस फूट का नको, पंचवीस का नको? येथे थोडे गणित ऐका. लांबी, रुंदी आणि खोली तिन्ही एकाच प्रमाणात वाढवली, तर सोळा फुटांची होडी वीस फुटांची होईपर्यंत तिचे घनफळ जवळजवळ दुप्पट होते. त्याबरोबर वजन वाढते, शीड वाढते, नांगर वाढतो, रंग वाढतो आणि डागडुजीची मजुरी वाढते. लांबी चारच फूट वाढलेली दिसते आणि खर्च मात्र दुसऱ्या होडीइतका होतो.

माझी कसोटी साधी आहे. ओहोटीच्या वेळी रिकामी होडी भरतीच्या रेषेवर ओढून नेण्यासाठी किती माणसे लागतील? खाली गोल ओंडके घालून चार-पाच माणसांनी ती सरकत असेल, तर ती तुमच्या आटोक्यातली. ट्रॅक्टर बोलवावा लागत असेल, तर ती होडी तुमची नव्हे, तुम्ही तिचे.

लहान होडीने काय साधते, याची उदाहरणे आहेत. इंग्लंडमध्ये इयान प्रॉक्टर यांनी १९५७ मध्ये ‘वेफेअरर’ नावाची होडी आखली. लांबी पावणेसोळा फुटांच्या थोडी वर, उघडी, झोपायला फळ्यांवर तंबू. फ्रँक डाय यांनी तीच होडी १९६३ मध्ये स्कॉटलंडहून आइसलंडला नेली. पुढे ‘ड्रॅस्कोम लगर’ ही पावणेएकोणीस फुटांची उघडी होडी निघाली. डेव्हिड पाइल यांनी ती १९६९-७० मध्ये इंग्लंडहून ऑस्ट्रेलियापर्यंत नेली. हे पराक्रम आपण करावेत असे मी सांगत नाही. ती माणसे असामान्य होती. पण सोळा ते एकोणीस फुटांची नीट बांधलेली होडी हर्णैहून दाभोळला जायला पुरेशी आहे की नाही, या शंकेचे उत्तर त्यांत आहे. आपल्याकडच्या क्लबांत ‘एंटरप्राइज’ ही सव्वातेरा फुटांची होडी दिसते. शिकायला ती उत्तम, पण सामान आणि मुक्काम तिच्यात मावत नाही.

तळ कसा असावा?

होडीच्या कण्याला आपल्या खलाशांच्या भाषेत पठाण म्हणतात. काही होड्यांना पठाणाखाली खोल आणि जड वजन जोडलेले असते. ती होडी सहसा उलटत नाही आणि वाऱ्याला छान धरते. पण तिला तीन-चार फूट पाणी कायम लागते. ओहोटीत ती अडकली तर आडवी पडते. दुसरा प्रकार उथळ तळाचा, मधोमध वरखाली होणारी फळी असलेला. फळीला सेंटरबोर्ड म्हणतात. फळी खाली सोडली की होडी आडवी वाहवत नाही. वर उचलली की फूटभर पाणी पुरते. तिसरा प्रकार आपल्या मालवण-रत्नागिरीकडचा, उलांडीचा. होडीच्या एका बाजूला दोन आडव्या काठ्या, त्यांच्या टोकाला पाण्यावर तरंगणारा ओंडका. अरुंद होडीला इतक्या थोड्या लाकडात इतका तोल देणारी दुसरी युक्ती नाही. पॅसिफिक बेटांवरच्या लोकांचीही विद्या याच कुळातली. तीवरून जेम्स व्हॅरम या इंग्रजाने जोडहोड्यांचे आराखडे केले, आणि सामान्य माणसांनी ते विकत घेऊन परसात होड्या बांधल्या.

आपल्या खाड्यांसाठी मी दुसरा प्रकार सुचवतो. त्याला इतिहासाचाही आधार आहे. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरी बेटावर किल्ल्याचे काम सुरू केले, तेव्हा इंग्रजांची मोठी जहाजे ते अडवायला बेटाभोवती ठाण मांडून होती. मराठ्यांच्या लहान, उथळ होड्या रात्री किनाऱ्याकडून निघत, वारा नसला तर वल्ह्यांवर चालत, आणि बेटावर माणसे व सामान पोचवून परत खाडीत शिरत. जड जहाजे वाऱ्याची वाट पाहत राहत. तोच खांदेरी किल्ला २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला. आपण त्या दगडांचा गौरव केला, तो योग्यच आहे. पण त्या दगडांना जीवदान देणाऱ्या होड्यांचा तळ कसा होता, हेही मुलांना सांगितले पाहिजे.

उथळ होडीचा दोष लपवून चालणार नाही. ती उलटू शकते. म्हणून दोन अटी. एक, रुंदी भरपूर हवी. सोळा फुटांना सहा फूट तरी. दोन, होडीत हवाबंद कप्पे हवेत, म्हणजे पाण्याने भरली तरी ती बुडणार नाही. एक घनमीटर बंदिस्त हवा पाण्यात एक टन भार तोलते. तेव्हा पुढे-मागे आणि बाकांखाली मिळून पाऊण घनमीटर कप्पे असले, तर होडी आणि तिला धरून असलेली माणसे वर राहतात. विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. होडी शांत खाडीत छातीभर पाण्यात न्या, मुद्दाम आडवी करा, भरू द्या, आणि पुन्हा सरळ करून पाणी उपसून दाखवा म्हणावे. जो विक्रेता याला तयार नाही, त्याच्याकडून होडी घेऊ नये.

तोलाची गोष्ट निघाली म्हणून ‘रामदास’ बोटीची आठवण देतो. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. पावसाळी दर्या, खच्चून भरलेली माणसे, एक मोठी लाट, बोट कलली, आणि घाबरलेली माणसे एका अंगाला धावली, असे वाचलेल्यांनी सांगितले. ती बोट आपल्या होडीच्या दहापटीहून लांब होती. म्हणून मोठी बोट म्हणजे सुरक्षित बोट, असे मानू नका. वजन कोठे बसले आहे आणि ते हलले तर काय होईल, हा प्रश्न सर्व बोटींना सारखाच लागू आहे. तीन माणसांच्या होडीत पाहुणा म्हणूनही पाचवा घेऊ नये.

शीड आणि डोलकाठी

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. सकाळी लाडिक वाटणारे शीड दुपारी होडी उलटवू शकते. तेव्हा निवडीचा प्रश्न शीड किती मोठे हा नसून, ते किती लवकर लहान करता येते हा आहे. शिडावर आडव्या दोन ओळींत बांधण्याचे बंद असावेत, आणि एका माणसाला हलत्या होडीत पाच मिनिटांत शीड गुंडाळून बांधता आले पाहिजे.

आपल्या जुन्या मचव्यांचे शीड लांब, तिरप्या परमाणावर बांधलेले असे. पाठीच्या आणि बाजूच्या वाऱ्यात त्याला तोड नाही. पण तोंडावरच्या वाऱ्यात नागमोडी चालायचे म्हणजे दर वळणाला ते लांब परमाण डोलकाठीच्या दुसऱ्या अंगाला न्यावे लागते. तांडेलाच्या हाताखाली सहा-आठ खलाशी होते, म्हणून ते जमे. दोन माणसांच्या होडीला आखूड परमाणाचे चौकोनी शीड किंवा पुढे-मागे दोन लहान तिकोनी शिडे बरी. डोलकाठी एका माणसाला उचलून आडवी करता यावी. खाडीवरच्या पुलाखालून जाताना आणि वादळी रात्री तिचा उपयोग कळतो. तारा आणि साखळ्या गंजरोधक पोलादाच्या घ्याल तर ३१६ क्रमांकाच्या घ्या. ३०४ला आपल्या खाऱ्या उष्ण हवेत लवकर खड्डे पडतात. शिडाचे कापड वापर संपताच झाकावे. आपल्याकडे शिडे वाऱ्याने फाटतात त्याहून अधिक उन्हाने कुजतात.

लाकूड, प्लायवूड की फायबर?

उबदार पाण्यात लाकडाचा वैरी म्हणजे ते पोखरणारा कृमी. नावाने कृमी, पण खरे म्हणजे तो शिंपल्याच्या जातीचा जीव. बाहेरून टाचणीएवढे भोक दिसते आणि आत फळीची चाळण झालेली असते. म्हणूनच आपले लोक होड्या पावसाळ्यात वर ओढून सुकवत, तळाला चुना आणि चरबीचा लेप देत. सागवानी होडी आजही देखणी आणि टिकाऊ. पण तिला दरवर्षी सुतार हवा, आणि किनाऱ्यावर होडीसुतार कमी होत चालले आहेत.

दुसरा मार्ग प्लायवूडचा. १९६२ मध्ये इंग्लंडमध्ये ‘मिरर’ होडी निघाली. ती कामगारांत खपणाऱ्या ‘डेली मिरर’ या वर्तमानपत्राच्या पुढाकाराने निघाली, म्हणून तिचे ते नाव. लांबी दहा फूट दहा इंच. प्लायवूडचे कापलेले तक्ते तांब्याच्या तारेने शिवायचे आणि सांधे काचकापड व राळेने बुजवायचे. घरच्या अंगणात, साध्या हत्यारांनी. अशा सत्तर हजारांहून अधिक होड्या झाल्या. होडी शिवणे ही कल्पना आपल्याला नवी नाही. अरबी समुद्रात फळ्या काथ्याने शिवून गलबते बांधण्याची विद्या फार जुनी. त्याच पद्धतीने बांधलेले ‘कौंडिण्य’ जहाज २०२५ मध्ये आपल्या नौदलात दाखल झाले. तेव्हा ज्याच्या हातांत थोडी सुतारकी आहे, त्याने आराखडा घेऊन प्लायवूडची होडी स्वतः बांधावी. फक्त प्लायवूड आय.एस. ७१० छापाचे, सागरी कामाचे घ्यावे, आणि तक्त्याची प्रत्येक कड राळेने बंद करावी. पाणी शिरते ते कडेतून.

तिसरा मार्ग फायबरचा, म्हणजे काचतंतू आणि राळ यांचा. कृमी त्याला लागत नाही, डागडुजी कमी, आणि किनाऱ्यावर ती करणारे कारागीर आज सर्वत्र आहेत. बहुतेकांना मी हाच मार्ग सुचवीन. पण कारखाना पाहिल्याशिवाय होडी घेऊ नका. राळेतून स्टायरिन नावाची वाफ निघते. ती डोके सुन्न करते, डोळे चुरचुरतात. घासताना काचेची धूळ उडते. कामगारांना योग्य मुखवटे आहेत का, हवा खेळती आहे का, ते पाहा. हे मी युनियनचा माणूस म्हणून सांगतो, आणि गिऱ्हाईक म्हणूनही सांगतो. जेथे कामगाराचा जीव गुदमरतो तेथे तो घाईघाईने काम उरकतो, थरांत हवेचे बुडबुडे राहतात, आणि त्याचे फळ तुम्हाला दर्यात मिळते.

ऊन, पाणी आणि मुक्काम

आपल्या समुद्रात थंडीने माणूस मरत नाही. उन्हाने जेरीस येतो. म्हणून होडीवर छाया हवी. डोलकाठीपासून मागेपर्यंत ताणता येणारी, झटक्यात काढता येणारी जाड सुती कनात. होडीचा वरचा भाग पांढरा किंवा फिका रंगवावा. गडद फळीवर दुपारी पाय ठरत नाही. बंद खोलीचा हट्ट नको. पुढे कोरडे सामान ठेवायला झाकणाचा कप्पा आणि झोपायला साडेसहा फूट सपाट फळ्या एवढे पुरे. पाणी माणशी रोज पाच लिटर धरा. तीन माणसे, चार दिवस, म्हणजे साठ लिटर. साठ किलो वजन. ते एका मोठ्या पिंपात न ठेवता लहान कॅनांत तळाशी, मधोमध बांधून ठेवा. खलाशी तळाच्या वजनाला नीरम म्हणतात; पिण्याचे पाणी हेच आपले नीरम.

नांगर हे मुक्कामाचे कुलूप. ओहोटीला दोन मीटर पाणी असेल आणि भरतीला चार मीटर चढणार असेल, तर सहा मीटर धरून त्याच्या पाचपट, म्हणजे तीस मीटर दोर सोडला पाहिजे. दोर नायलॉनचा, कारण तो ताण खातो. नांगराजवळ चार-पाच मीटर साखळी. शिडाचे दोर मात्र न ताणणारे, पॉलिएस्टरचे. आणि होडी कोणतीही असो, प्रत्येकाच्या अंगावर तरंगजाकीट हवे. बाकाखाली ठेवलेले जाकीट बाकाला वाचवते.

लहान यंत्र घ्यावे का? घ्यावे. चार ते सहा अश्वशक्तीचे, उचलून बाजूला ठेवता येणारे. पण यंत्र आहे म्हणून वल्ही घरी ठेवू नयेत. जलरोधक पिशवीत फोन, शक्य तर सोळाव्या वाहिनीवर बोलता येणारा बिनतारी संच, आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक प्रत्येकाला पाठ. निघण्यापूर्वी सागरी मंडळाचे नोंदणीचे नियम विचारून घ्या आणि किनाऱ्यावरच्या पोलीस चौकीला कळवून जा. २००८ च्या मुंबईवरच्या हल्ल्यानंतर अनोळखी होडीकडे संशयाने पाहिले जाते, आणि ते योग्यही आहे.

जुनी होडी, आणि भागीदारी

पुष्कळांना जुनी होडी परवडेल. ती पाण्यात पाहू नका. वर काढायला लावा आणि दोन दिवस सुकू द्या. लाकडी असेल तर पठाणाशेजारच्या फळ्यांत टोच्या खुपसून पाहा. लोण्यासारखा आत गेला तर नमस्कार करून घरी या. फायबरची असेल तर रुपयाच्या नाण्याने सगळीकडे ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक, पोकळ बद आवाज आला तर थर सुटले आहेत. सेंटरबोर्डची पेटी आणि डोलकाठीचा पाया ही गळण्याची मुख्य ठिकाणे. सुकाणूच्या बिजागऱ्या हलवून पाहा. ताजा रंग दिसला तर आनंद मानू नका, संशय घ्या. सगळे पैसे होडीत घालू नका. पाचवा हिस्सा नांगर, दोर, जाकिटे आणि कनात यांसाठी बाजूला ठेवा.

चार-पाच जणांनी मिळून घ्यायची असेल, तर पहिल्याच दिवशी कागद करा. कोणाची पाळी कधी, डागडुजीचा खर्च कसा वाटायचा, मोडतोड झाली तर काय, आणि एखाद्याला बाहेर पडायचे असेल तर त्याचा हिस्सा कसा द्यायचा. मैत्री आहे म्हणून कागद नको, असे म्हणणाऱ्यांची मैत्री आणि होडी दोन्ही बुडताना मी पाहिली आहेत.

आता शेवटची आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. लहान होडीला सर्वांत मोठा धोका कशाचा? वारा, लाट, खडक यांची नावे आपण घ्याल. मी म्हणतो, सोमवारच्या पाळीचा. रविवारी दुपारी वायव्येचा वारा भडकलेला असतो, तांडेल माणसे मान हलवत असतात, आणि आपला गडी म्हणतो, उद्या सकाळी हजेरी आहे, निघालेच पाहिजे. अशा वेळी माणूस समुद्राचे ऐकत नाही, घड्याळाचे ऐकतो. म्हणून होडी अशी निवडा की ती कोणत्याही खाडीत, ओळखीच्या कोळ्याच्या अंगणाशेजारी, आठ दिवस ठेवून येता येईल. राखणीचे पैसे त्याला चोख द्या, आणि आपण एस.टी.ने किंवा कोकण रेल्वेने कामावर जा. होडी पुढच्या रविवारी आणता येते. लोखंड्यांनी मिळवून दिलेला रविवार आठवड्याने पुन्हा येतोच. तो पाहायला आपण असले पाहिजे.

थोडक्यात सांगायचे तर, सोळा ते अठरा फूट लांब, सहा-साडेसहा फूट रुंद, फळी वर घेतली की फूटभर पाण्यात चालणारी, हवाबंद कप्प्यांची, चटकन लहान होणाऱ्या शिडाची, वल्ह्यांनी हलणारी, छाया असलेली, आणि चार माणसांना वाळूवर ओढता येणारी होडी घ्या. घेण्यापूर्वी एक हंगाम दुसऱ्याच्या होडीत, जाणत्या माणसाच्या हाताखाली काढा. पोहायला त्याआधी शिका. त्यासाठी आपल्या गावची नदी किंवा विहीर पुरेशी आहे.